व्हॉट्सॲप ग्रुपचं ॲडमिनपद गेलं, तर परत कसं मिळवायचं?

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर फक्त ॲडमिनलाच मेसेज टाकता यायचा, आणि ॲडमिन एकच, सेक्रेटरी काका. त्यांचा फोन एसटीत राहिला आणि ग्रुप मुका झाला. पाण्याचा टँकर किती वाजता येणार हे सांगायला मुलांना प्रत्येक मजल्यावर धाडावं लागलं. काका तर नवा ग्रुप काढायलाच निघाले होते. तशी गरज नव्हती. ॲडमिनपद फोनमध्ये नसतं, ते नंबरावर असतं. नंबर हातात आला की तेही परत येतं.

आधी ग्रुपची माहिती उघडून सभासदांची यादी पाहा. ज्याच्या नावापुढे ‘ग्रुप ॲडमिन’ लिहिलंय असा दुसरा कुणी असेल, तर तो तुमच्या नव्या नंबराला लगेच ॲडमिन करू शकतो. कधीतरी कुणाला तरी ॲडमिन केलेलं असतं आणि सगळे ते विसरलेले असतात.

तसं कुणी नसेल आणि फोन हरवला किंवा चोरीला गेला असेल, तर मोबाइल कंपनीच्या दुकानात जाऊन जुनं सिम बंद करून घ्या आणि त्याच नंबराचं दुसरं सिम मागा. सोबत ओळखपत्र न्या. नवं सिम चालू झाल्यावर पहिले २४ तास एसएमएस येत नाहीत. फसवणूक टाळण्यासाठीच तसा नियम आहे. नव्या फोनवर व्हॉट्सॲपमध्ये हाच नंबर टाकला की एसएमएसने ६ आकडी कोड पाठवला जातो; तो आला नाही म्हणून पुन्हा पुन्हा बटण दाबू नका, नाहीतर पुढच्या प्रयत्नासाठी तासन्‌तास थांबावं लागतं. कोड फोन कॉलवर ऐकण्याचा पर्याय घ्या, किंवा दुसऱ्या दिवशी प्रयत्न करा.

कोड टाकला की जुन्या फोनवरचं व्हॉट्सॲप आपोआप बंद पडतं. म्हणजे चोराच्या हातूनही ग्रुप सुटतो. जुने मेसेज मात्र बॅकअप असेल तरच दिसतील; ॲडमिनपदाचा त्याच्याशी संबंध नाही. हा कोड कुणालाही, अगदी ओळखीच्या माणसालाही, सांगू नका. खाती बळकावली जातात ती बहुतेक अशीच.

पुढे टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा, म्हणजे खात्याला लावलेल्या जादा कुलपाचा, पिन मागितला आणि तो आठवत नसेल, तर नोंदवलेल्या ईमेलवरून बदलता येतो. ईमेल दिलेला नसेल तर ७ दिवस थांबायचं. पिन चोराने लावला असला तरी नियम तोच, आणि त्या ७ दिवसांत तोही आत शिरू शकत नाही.

फोन जवळ आहे, फक्त नंबर बदलायचाय? मग काम सोपं. जुना नंबर व्हॉट्सॲपवर चालू असतानाच सेटिंग्जमधल्या ‘अकाउंट’मध्ये जाऊन ‘चेंज नंबर’ करा. ग्रुप आणि ॲडमिनपद दोन्ही नव्या नंबरावर येतात. हे न करता नव्या नंबराने वेगळं खातं उघडलंत, तर ग्रुपच्या दृष्टीने तुम्ही परके.

ॲडमिन वारले असतील तर घरच्यांना सावकाश, त्यांच्या सवडीने विचारा. त्यांचा फोन उघडत असेल, तर सिम बंद करण्याआधी त्यावरून दोघांना ॲडमिन करून घ्या. एकुलता ॲडमिन त्याच्या फोनवरून ग्रुपमधून बाहेर पडला, तर व्हॉट्सॲप उरलेल्यांपैकी कुणालाही ॲडमिन करतं. तिथे आपली निवड चालत नाही.

दुसऱ्या ॲडमिनने तुम्हाला काढलं असेल तर बोलूनच मार्ग निघेल. कंपनी अशा वादात पडत नाही. पैसे घेऊन ॲडमिनपद मिळवून देतो म्हणणारा फसवतोय हे नक्की समजा. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा.

काकांना दुसऱ्या दिवशी सकाळी कोड आला. त्यांनी पहिलं काम केलं ते तळमजल्यावरच्या ताईंना ॲडमिन करण्याचं.