आपली माहिती जोडणारा दुवा: मोबाइल क्रमांक

माहितीचे दलाल म्हणजे ज्या कंपन्या आपल्याशी कधीही न बोलता, दुकाने, अ‍ॅप आणि सार्वजनिक नोंदी यांतून आपली माहिती मिळवतात, ती एकमेकींशी जुळवतात आणि विकतात. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१४ मध्ये अशा नऊ कंपन्यांवर जो अहवाल प्रसिद्ध केला, त्यात एका कंपनीकडे जवळपास प्रत्येक अमेरिकी ग्राहकाविषयी तीन हजार प्रकारची माहिती असल्याचे नमूद आहे. जमिनीच्या दलालाला निदान दोन्ही पक्ष ओळखतात. येथे ज्याची माहिती विकली जाते त्याला सौदा झाल्याचे कळतही नाही, आणि खरा नैतिक आक्षेप याच गोष्टीला आहे.

सुटी माहिती फारशी किमती नसते. किंमत येते ती जुळणीने. बडोद्यात मांडवीच्या दुकानातले बिल, नवरात्रातल्या गरब्याचा पास, पॅथॉलॉजीचा अहवाल आणि सोसायटीच्या फाटकावरील नोंद या चारही ठिकाणी आपण एकच मोबाइल क्रमांक देतो, आणि जुळणीचे निम्मे काम स्वतःच करून ठेवतो. ‘आम्ही नाव-क्रमांक देत नाही, फक्त त्याचे सांकेतिक रूप देतो’ हे आश्वासन अनेक गोपनीयता धोरणांत आढळते. सांकेतिक रूप म्हणजे ठरलेल्या गणिती पद्धतीने क्रमांकापासून बनवलेली अक्षरे-अंकांची ओळ. ते पोकळ आहे, कारण एकाच पद्धतीने एकाच क्रमांकाचे सांकेतिक रूप सगळीकडे सारखेच निघते. शिवाय भारतातील मोबाइल क्रमांक सहा ते नऊ यांपैकी एका अंकाने सुरू होतात, म्हणजे शक्यता फार तर ४०० कोटी, आणि तेवढ्या सगळ्यांची सांकेतिक रूपे काढून मूळ क्रमांक ओळखणे संगणकाला अवघड नाही.

म्हणून सुरुवात क्रमांकापासूनच करावी. बँक, आधार आणि प्राप्तिकर यांना जोडलेला मोबाइल क्रमांक वेगळा ठेवावा व तो दुकानात उच्चारूही नये. पास, सवलती आणि घरपोच मागणी यांसाठी दुसरा घ्यावा. तो दुसरा क्रमांक वापराविना बंद पडू देऊ नये, कारण बंद झालेला क्रमांक काही काळाने दुसऱ्या ग्राहकाला दिला जातो आणि आपले ओटीपी त्याच्याकडे जाऊ शकतात. बिलासाठी मोबाइल क्रमांकाचा आग्रह धरू नये, असे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२३ मध्येच दुकानदारांना कळवले आहे. तेव्हा नम्रपणे नकार देण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही.

सर्वांत मोठी गळती मात्र आपल्या घरातूनच होते, आणि ती म्हणजे लग्नाचा बायोडेटा. जन्मतारीख, जन्मवेळ, जन्मस्थळ, आईचे माहेरचे आडनाव, वार्षिक उत्पन्न, पत्ता, छायाचित्र आणि वडिलांचा मोबाइल एवढे सारे एकाच पानावर असते. यांतील दोन-तीन बाबी तर ओळख पटवण्यासाठी विचारल्या जाणारे नेहमीचे प्रश्न आहेत. दांडिया बाजारातल्या एखाद्या वधूवर मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात टाकलेले हे पान पुढे कुठवर जाईल, हे टाकणाऱ्यालाही सांगता येणार नाही. त्यामुळे बायोडेटा दोन प्रकारे तयार करावा: गटासाठी शिक्षण, व्यवसायाचे क्षेत्र, वय आणि दुसरा क्रमांक एवढाच; जन्मवेळ, आजोळ आणि पत्ता असलेला पूर्ण बायोडेटा बोलणी पुढे सरकल्यावर, समोरच्या घराला थेट पाठवावा. आमच्या मावशी-काकूंना हा अतिशहाणपणा वाटेल, पण पत्रिका जुळवणाऱ्यांची सोय ही सगळ्या गटाला जन्मवेळ कळवण्याचे कारण होऊ शकत नाही. लग्न ठरल्यावर मंडळाला लेखी कळवून नोंद काढून घ्यावी.

आधारची झेरॉक्स मागितली गेल्यास आधार देणाऱ्या यूआयडीएआय या प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून मिळणारी, केवळ शेवटचे चार अंक दिसणारी प्रत चालते का ते विचारावे, आणि प्रत कोणत्या कामासाठी दिली ते व तारीख तिच्यावर आडवी लिहावी. अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये जाहिरात-ओळख (जाहिरातदार ज्यावरून फोन ओळखतात तो सांकेतिक क्रमांक) पुसण्याची सोय आहे; आयफोनवर अ‍ॅपने माग काढण्याची परवानगी मागितल्यास ती नाकारता येते. आपल्या नावावर किती सिम आहेत हे दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवर दिसते. प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून (म्हणजे सिबिलसारख्या, आपल्या कर्जांची नोंद ठेवणाऱ्या कंपनीकडून) वर्षातून एकदा पूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो. त्यात अनोळखी कर्जचौकशी दिसली तर हरकत नोंदवावी.

आता कायद्याविषयी. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ चा आहे, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि कंपन्यांवरील मुख्य बंधने त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होणार आहेत. या कायद्यात दलालांसाठी स्वतंत्र नोंदणी नाही, आणि आपण स्वतः सार्वजनिक केलेली माहिती त्याच्या कक्षेबाहेर आहे. उघड्या संकेतस्थळावर बायोडेटा टाकण्यापूर्वी हे कलम आठवावे. तरी सहमती देणे जितके सोपे, तितकेच ती मागे घेणे सोपे असले पाहिजे, हे तत्त्व त्यात आहे. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेल लिहिताना तीन गोष्टी स्पष्ट मागाव्यात: माझी कोणती माहिती तुमच्याकडे आहे, ती कोणाकोणाला दिली, आणि सहमती मागे घेत असल्याने ती केव्हा पुसाल. ईमेलची प्रत आणि तारीख जपून ठेवावी, कारण पुढे या कायद्याखालील तक्रारी ऐकणाऱ्या डेटा संरक्षण मंडळाकडे जायचे झाल्यास आधी कंपनीकडे दाद मागितल्याचा पुरावा तोच असेल.