पद्मिनीला रुंद टायर: घासणं असं थांबवलं

प्रीमियर पद्मिनीचा मूळ टायर ५.२०-१४, म्हणजे रुंदी साधारण १३२ मिमी. मी १७५/७० आर १४ रेडियल (आतले दोरे सरळ आडवे असलेले टायर) निवडले. १७५ मिमी रुंदीचे ७० टक्के, म्हणजे टायरच्या बाजूची उंची १२२.५, त्याची दुप्पट २४५, अधिक १४ इंची रिमचे ३५५.६, व्यास झाला ६०१ मिमी. जुन्याच्या जवळपास, म्हणजे स्पीडोमीटरची चिंता नाही. या टायरला साधारण ५ इंच रुंद रिम योग्य, म्हणून रिमही बदलल्या.

रिकामी गाडी सोलापुरात सात रस्त्याला झक्क वळायची. मागे तिघं बसली की मात्र तुळजापूर घाटात डाव्या मागच्या चाकातून खर्र खर्र. मिस्त्री म्हणाले, "साहेब, पाट्याला घासतंय." पाटा म्हणजे मागच्या चाकाजवळची पट्ट्यांची स्प्रिंग. मला पटेना. मडगार्डच्या आतल्या कडेला आणि पाट्याच्या बाजूला शाडूचे छोटे गोळे चिकटवले, घरच्यांना बसवून होटगी रोडला चक्कर मारली. पाट्याकडचा गोळा जसाच्या तसा, मडगार्डचा मात्र सुरीनं कापावा तसा सपाट!

म्हणजे चाक बाहेर आलं होतं. रिमसोबत बसवलेले स्पेसर, म्हणजे चाक बाहेर सरकवणाऱ्या चकत्या, काढले. पाटा आणि टायरमध्ये तरीही बोट सहज जात होतं. मग मडगार्डची आत वळलेली पत्र्याची कड हीट गननं गरम करत हळूहळू चपटी केली. रंग गार असताना ठोकला तर तडकतो, इथे घाई नकोच. आता भरल्या गाडीलाही आवाज नाही. उभ्या गाडीत स्टिअरिंग थोडं जड लागतं, ते मला चालतं.

चाकाचे नट शंभरेक किलोमीटरनंतर पुन्हा आवळून घ्या. आणि एकाच अ‍ॅक्सलवर जुना क्रॉसप्लाय (तिरप्या दोऱ्यांचा टायर) व रेडियल अशी जोडी कधीच लावू नका.