मुंबई की नवी मुंबई? रेल्वेने येऊन विमान पकडताना या चुका टाळा

नवी मुंबईहून २५ डिसेंबर २०२५ ला उड्डाणं सुरू झाली, तेव्हापासून विमान शोधताना दोन कोड दिसतात: बीओएम म्हणजे मुंबई, एनएमआय म्हणजे नवी मुंबई. लोक कोड वाचत नाहीत, भाडं वाचतात. सातशे रुपये कमी दिसले की तिकीट काढून मोकळे. गाडी कुठे थांबते, हे नंतर बघू म्हणतात. क्रम नेमका उलटा हवा.

रत्नागिरीचं कुटुंब घ्या. कोकणकन्या, तिकीट सीएसएमटीपर्यंत, विमान सकाळचं आणि एनएमआयचं. पहाटे पनवेल येतं तेव्हा निम्मे झोपलेले, उरलेले ‘तिकीट आहे तर शेवटपर्यंत जाऊ’ म्हणून बसलेले. ठाण्याला जाग आली, तर बॅगा ओढत ट्रान्स-हार्बर लोकलने परत पनवेल. सीएसएमटीला उतरले, तर हार्बरने सव्वा-दीड तास उलटा प्रवास. शेवटी टॅक्सीच करावी लागते आणि वाचवलेले सातशे वाशीच्या पुलाआधीच संपतात. तिकीट पुढचं असलं तरी पनवेलला उतरायला कोणी अडवत नाही. गजर लावा आणि उतरा. तिथून एनएमआयला रिक्षा किंवा टॅक्सी.

कोकणवाल्यांना एनएमआय सोयीचं, याचं आणखी एक कारण पाऊस. कुर्ला-सायनला रुळांवर पाणी साचलं की मध्य रेल्वे अडते, चुनाभट्टीला साचलं की हार्बर. पनवेलला उतरणाऱ्याचा या दोन्हींशी संबंध येत नाही.

पुणेकरांनी मात्र हा हिशेब आंधळेपणाने लावू नये. प्रगती एक्सप्रेस पनवेलवरून जाते, पण डेक्कन क्वीनसकट बहुतेक गाड्या कर्जतहून कल्याणकडे वळतात. नाशिकहून मुंबईला येणाऱ्या बहुतेक गाड्यांनाही पनवेल नाही. या मंडळींना भाडं थोडं जास्त पडलं तरी बीओएमच बरं. गाडी ठाण्याला थांबत असेल तर तिथे उतरून लोकलने घाटकोपर, तिथून मेट्रो १ ने मरोळ नाका, मग मेट्रो ३ ने एकच स्टेशन, की टी२, म्हणजे मुंबई विमानतळाचं टर्मिनल २. दादरपर्यंत जाऊन रिक्षा शोधणारे अजून भेटतात. तिथे रिक्षा नाही, फक्त टॅक्सी. पहाटेच्या विमानाला मेट्रो कामाची नाही.

टी१ आणि टी२ शेजारी नाहीत. टी१चं जवळचं लोकल स्टेशन विलेपार्ले, टी२चं अंधेरी. देशांतर्गत विमानं दोन्हीकडून सुटतात, तेव्हा तिकिटावरचं टर्मिनल वाचा.

वेळेचा हिशेब विमान सुटण्यापासून करणं ही अधीर माणसाची खास चूक. देशांतर्गत विमानासाठी बॅग घेणारा काउंटर साधारण तासभर आधी बंद होतो, तिथून मागे मोजा. रेल्वे आणि विमान ही दोन वेगळी तिकिटं आहेत. गाडी रखडली म्हणून विमान कंपनी पैसे परत करत नाही. लांब पल्ल्याची गाडी असेल तर पोहोचण्याची वेळ आणि उड्डाण यांत पाच तास ठेवावेत. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक चालू असेल, तर सरळ आदल्या दिवशी यावं. ‘गाडी नेहमी वेळेवर असते’ म्हणणाऱ्याशी वाद घालू नये.

रविवारी मेगाब्लॉक, म्हणजे दुरुस्तीसाठी लोकल कुठे बंद आहेत, ते बघा.

परतीचं तिकीटही उघडून बघा. जाताना एनएमआय आणि येताना बीओएम, असं बेमालूम मिळतं आणि पनवेलहून काढलेलं परतीचं रेल्वे आरक्षण वाया जातं.