परसातली कॉफी तिमोरच्या पद्धतीने घरीच कशी काढावी

चिखलदऱ्याच्या आसपास ज्यांच्या परसात किंवा बांधावर कॉफीची दहा-वीस झाडं आहेत, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. आपल्याकडे फळं ओरबाडून, अंगणात वाळवून पोत्याने विकायची रीत. माझी जाऊ म्हणते, "काहून एवढा खटाटोप? व्यापारी तं सरसकट एकच भाव देते." खरं आहे. पण निदान घरच्या कपापुरती तरी नीट काढा.

नमुना म्हणून कर्नाटकातले मोठे मळे बघू नका, त्यांच्याकडे यंत्रं आणि मजूर आहेत. पूर्व तिमोर बघा. इंडोनेशियाच्या बेटांच्या रांगेत, ऑस्ट्रेलियाच्या वर, २००२ साली स्वतंत्र झालेला चिमुकला देश. तेल-वायू सोडला तर परदेशी विकायला त्यांच्याकडे मुख्य माल म्हणजे कॉफीच. एर्मेरा, मौबेस्से या डोंगराळ भागांत घरोघरी थोडीथोडी झाडं. किती तरी घरं फळ सोलण्यापासून वाळवण्यापर्यंत सगळं दारातच करतात.

शिवाय आपलं त्यांच्याशी नातं आहे. तांबेरा या पानांवरच्या रोगाने अरेबिका जातीच्या कॉफीचे मळेच्या मळे बसवले होते. १९२० च्या दशकात तिमोरच्या एका मळ्यात अरेबिका आणि रोबस्टा या कॉफीच्या दोन जातींचा आपोआप संकर झालेलं झाड सापडलं, तांबेऱ्याला दाद न देणारं. आपल्याकडच्या 'सिलेक्शन ९' आणि २००७ साली आलेल्या 'चंद्रगिरी' या दोन्ही वाणांत त्याच झाडाचं रक्त आहे. नवीन रोप लावणार असाल तर चंद्रगिरी मागा, आणि सिल्व्हर ओकच्या सावलीत लावा. उघड्या उन्हातल्या झाडावर खोडकिडा आधी चढतो. एका बाबतीत मात्र तिमोरचं अनुकरण करू नका: तिथे झाडं छाटत नाहीत, ती उंच वाढतात आणि फळ कमी धरतं. छातीभर उंचीला शेंडा खुडून टाका.

आता तोडणी. दिवाळीनंतर फळं लाल व्हायला लागतात. पूर्ण लाल तेवढीच तोडा, हिरवं राहू द्या. हिरव्या फळाची कॉफी कच्च्या फल्लीदाण्यासारखी लागते. वानरं थांबत नाहीत हे मलाही ठाऊक आहे, म्हणून चार-पाच दिवसांनी फेरी मारायची.

तोडलेलं फळ त्याच दिवशी सोला. आधी पाण्याच्या बादलीत टाका, तरंगतील ती पोचट, ती बाजूला काढा. बाकीची चिमटीत दाबली की दोन दाणे सुळकन बाहेर येतात, बुळबुळीत. ते तसेच, वरून पाणी न घालता, स्टीलच्या गंजात झाकून ठेवा. चिकट गर आंबून सुटायला पाहिजे. डिसेंबरच्या थंडीत बारा तासांत काम झालं असं समजू नका, चोवीस ते छत्तीस तासही लागतात. घड्याळाकडे पाहू नका, हात घालून बघा. मूठभर दाणे चोळले की बुळबुळ जाऊन वाळूतल्या खड्यांसारखे खरखरीत लागले पाहिजेत. लागले की लगेच स्वच्छ पाण्याने तीन-चारदा धुवा. इथे आळस केला तर कपात आंबूस, शिळा वास येतो, आणि मग साखर ओतूनही तो जात नाही.

वाळवण जमिनीवर नको, दाणा मातीचा वास धरतो. बाजेवर हिरवी शेडनेट ताणून दाण्यांचा पातळ थर पसरा, दिवसातून पाच-सहा वेळा हाताने हलवा. आपलं ऊन फार कोरडं. दुपारी बारा ते तीन वरून लुगडं टाका, नाहीतर दाण्यावरचं टरफल तडकतं. रात्री झाका, दव पडतं. साधारण आठवडा-दहा दिवसांनी दाणा दाताखाली धरा: दात रुतला तर अजून ओला, कटकन वाजला तर झालं. सहा किलो फळातून जेमतेम किलोभर दाणा हाती येतो. जाऊबाईंचा खरा राग त्याच्यावर.

टरफल खलबत्त्यात हलक्या हाताने कुटा आणि सुपाने पाखडा. भाजायला तिमोरच्या घरांतही चूल आणि पसरट भांडंच असतं. लोखंडी कढई चांगली तापवा, दोन मुठींपेक्षा जास्त दाणे घालू नका आणि सराटा थांबवू नका. हिरव्याचा पिवळा, मग तांबूस, धूर, आणि मग तडतड सुरू होते. तडतड ओसरल्यावर मिनिटभरात सुपात ओता आणि वारा घाला. काळाकुट्ट केला की सगळ्या देशांची कॉफी सारखीच लागते. एक दिवस डब्यात उघडमिट करून ठेवा, मगच दळा.

तिमोरची चांगली धुतलेली कॉफी अंगाने भरदार, आंबटपणा बेताचा, मागे कोकोसारखी आणि थोडी मसाल्याची चव. आपली नीट काढली तर त्याच वळणावर जाते, माझ्या जिभेला किंचित हलकी लागते. चाखायची असेल तर पहिला कप दूध न घालता घ्या. दोन चमचे जाडसर भुकटी, दीड वाटी पाणी, उकळी उतरल्यावर ओतायचं, चार मिनिटांनी गाळायचं. बोअरचं खारं पाणी मात्र नको, त्यात सगळा आंबटपणा मरतो. विहिरीचं किंवा पावसाचं साठवलेलं घ्या. साखर घातली तरी चालेल.