मेंदूशास्त्रज्ञाची पेपरांची यादी कशी वाचावी

पीएचडीसाठी गाइड शोधणाऱ्या मुलांना हल्ली एकच सल्ला मिळतो: गूगल स्कॉलर (गूगलचं शोधनिबंध शोधायचं साधन) उघडा, एच-इंडेक्स बघा, ज्याचा जास्त त्याला मेल टाका. याहून आळशी सल्ला मी ऐकलेला नाही. होर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने 2005 मध्ये हा आकडा सुचवला. एच-इंडेक्स 20 म्हणजे प्रत्येकी किमान 20 सायटेशन (दुसऱ्या पेपरांनी दिलेले संदर्भ) मिळालेले 20 पेपर. ते स्वतःच्या लॅबमधून आलेत की लेखकांच्या लांबलचक यादीत सतराव्या क्रमांकावर नाव होतं म्हणून मिळालेत, हे त्या आकड्याला कळत नाही. शिवाय तो वयाबरोबर वाढतो, निवृत्तीनंतरही.

उदाहरणासाठी मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेतल्या मेंदूशास्त्रज्ञ विदिता वैद्य घेऊ. सेरोटोनिन हे मेंदूतलं रसायन, ताणतणाव आणि भावनांशी निगडित मज्जामार्ग हा त्यांचा विषय. 2022 चं इन्फोसिस प्राइज त्यांना मिळालं.

आधी लॅबच्या संकेतस्थळावरची यादी आणि असेल तर सोळा अंकी ऑर्किड क्रमांक (संशोधकाची स्वतःची ओळखसंख्या) काढून ठेवा. मग पबमेडवर, म्हणजे वैद्यकीय आणि जीवशास्त्रीय पेपरांच्या सूचीत, नाव शोधा.

खरी कटकट इथून सुरू होते आणि मला सगळ्यात जास्त छळलं ते याच पायरीने. नुसतं 'कुलकर्णी एस' टाकून बघा. स्त्रीरोगतज्ज्ञ, रसायनशास्त्रज्ञ, दंतवैद्य, सगळे एका रांगेत उभे राहतात. पबमेडवर लेखकांची पूर्ण नावं साधारण 2002 पासून दिसतात; त्याआधीच्या पेपरांवर आडनाव आणि आद्याक्षरं एवढंच. त्यात आपल्याकडे मधलं अक्षर कधी लिहितात, कधी गाळतात, आणि लग्नानंतर आडनाव बदललं तर एकाच बाईच्या कामाचे दोन तुकडे होतात. वैद्य यांच्या 2019 च्या 'पीएनएएस' या जर्नलमधल्या पेपरावर तर दोन वैद्य आहेत: एक 'व्ही ए', दुसरे 'ए डी बी'. नुसत्या आडनावावर गेलात तर फसलात.

यावर सॉफ्टवेअरचा भरवसा धरू नका. गूगल स्कॉलरच्या प्रोफाइलमध्ये परके पेपर आपोआप येऊन बसतात आणि मालक ते काढायला सवड काढतोच असं नाही. माणसाची कारकीर्द वर्षांनुसार कागदावर मांडा. वैद्य यांची अशी: अमेरिकेतल्या येल विद्यापीठात पीएचडी, मग स्वीडनची कॅरोलिन्स्का संस्था आणि ऑक्सफर्ड, 2000 पासून टीआयएफआर. आता प्रत्येक पेपरावरचा पत्ता, साल आणि सहलेखक त्याशी ताडून बघा. दोन गोष्टी जुळल्या तर ठेवा, एकच जुळली तर पेपर उघडा. कंटाळवाणं आहे, पण दुसरा मार्ग नाही.

पेपर निवडून झाले की लेखकांच्या नावांचा क्रम बघा. मेंदूविज्ञानात पहिलं नाव हाताने काम करणाऱ्याचं, शेवटचं लॅबप्रमुखाचं. (गणितात मात्र नावं बहुधा अकारविल्हे असतात, तिथे हे लावू नका.) सेरोटोनिनचा एक रिसेप्टर (पेशीवरचा ग्राहक रेणू) बीडीएनएफ या वाढ-घटकाच्या जनुकावर कसा परिणाम करतो, या 1997 च्या पेपरावर पहिलं नाव वैद्य, शेवटचं रोनाल्ड ड्यूमन: येलची विद्यार्थिनी आणि तिचे गाइड. 2019 च्या पेपरात तोच रिसेप्टर पुन्हा येतो, आता मायटोकॉन्ड्रियाच्या (पेशीतल्या ऊर्जाकेंद्रांच्या) संदर्भात, आणि शेवटचं नाव वैद्य. एक प्रश्न बावीस वर्षं धरून ठेवलेला यादीत दिसतो. एच-इंडेक्समध्ये तो दिसणार नाही. गाइड निवडताना मी शेवटच्या नावाचे पेपर वेगळे काढते आणि त्यांवर पहिलं नाव कोणाचं आहे ते बघते. तिथे विद्यार्थ्यांची नावं बदलत राहायला हवीत. दर वेळी एकच नाव असेल, तर त्या लॅबमध्ये बाकीचे काय करतात हे विचारा.

मेंदूच्या स्कॅनवर काम करणाऱ्यांकडे 'एनिग्मा'सारख्या, अनेक लॅबनी मिळून केलेल्या मोठ्या गटांचे पेपर असतात, लेखक कधी शेकड्यांनी. असे पेपर बाजूला ठेवून उरलेले मोजा. रिव्ह्यू लेखही (आधीच्या संशोधनाचा आढावा घेणारे) वेगळे काढा. त्यांना सायटेशन खूप मिळतात, पण त्यात नवा प्रयोग नसतो.

आकडा हवाच असेल तर अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेचं 'आयसाइट' हे संकेतस्थळ फुकट आहे. ते पेपराची तुलना त्याच क्षेत्रातल्या पेपरांशी करतं. आकडा 1 आला, तर तो पेपर एनआयएचच्या पैशावर झालेल्या पेपरांच्या बरोबर मध्यावरचा. जर्नलच्या इम्पॅक्ट फॅक्टरवरून (त्यातल्या पेपरांना मिळणाऱ्या सरासरी सायटेशनवरून) माणूस जोखू नका.

शेवटी, सर्वाधिक सायटेशनवाले चार-पाच पेपर मागे घेतलेले नाहीत ना, हे पबमेडवर तपासा आणि पेपरांवर वाचक टिपणं लिहितात त्या पबपियर या संकेतस्थळावर त्यांच्याबद्दल काय लिहिलंय ते वाचा. अल्झायमरमधल्या एका विशिष्ट अमायलॉइड प्रथिनावरचा 2006 चा 'नेचर'मधला पेपर हजारो वेळा उद्धृत झाला आणि चित्रांत फेरफार आढळल्यावर 2024 मध्ये मागे घेतला गेला. ती सायटेशन गूगल स्कॉलरवर अजून मोजली जातात.