जुनं चर्च घेऊन गाण्याची जागा करायचीय? आधी पन्हळी साफ करा

दर गणपतीत कोणीतरी मला हेच विचारतं, की आपल्या मंडळाने शाळेच्या हॉलचं भाडं अजून किती वर्षं भरत बसायचं, ते कोपऱ्यावरचं चर्च बंद पडलंय ना, घेऊन टाकू, मस्त स्टेज होईल, दिवाळी पहाट होईल. होईल की. पण मी इथे इंग्लंडमध्ये एका छोट्या गावातल्या व्हिक्टोरियन चर्चच्या कमिटीत सहा वर्षं घासलीयत, मी सोडून बाकी सगळे तिथलेच, आणि त्यात जे कळलं ते एकदाचं लिहून टाकतो म्हणजे दरवर्षी मोदक खाता खाता सांगायला नको. हे सगळं इंग्लंडपुरतं, स्कॉटलंडचे नियम वेगळे आहेत.

सगळ्यात आधी किंमत विचारू नका. आधी विचारा की चर्च अजून चालू आहे का अधिकृतपणे बंद झालंय. चर्च ऑफ इंग्लंडचं चालू चर्च असेल तर आतले बाक काढायलासुद्धा त्यांच्या डायोसिसची, म्हणजे बिशपच्या विभागाची, परवानगी लागते, तिला फॅकल्टी म्हणतात, कॉलेजच्या फॅकल्टीशी काही संबंध नाही. बंद झालं असेल तर गावच्या कौन्सिलकडे (आपल्या नगरपालिकेसारखी) जायचं, वापर बदलायची प्लॅनिंग परमिशन वेगळी आणि इमारत लिस्टेड, म्हणजे सरकारच्या वारसा यादीतली, असेल तर लिस्टेड बिल्डिंग कन्सेंट वेगळा. आणि "लोक तर आधीपण जमायचेच की" हे तिथे चालत नाही, कारण प्लॅनिंगमध्ये इमारतींचे वापरानुसार वर्ग असतात, प्रार्थनेची जागा एका वर्गात येते आणि लाइव्ह म्युझिकची जागा २०२० पासून कुठल्याच वर्गात न बसणारी म्हणून धरतात. लिस्टेड इमारतीत विनापरवानगी तोडफोड केली तर तो सरळ फौजदारी गुन्हा आहे, "नंतर बघू" वाली आपली सवय इथे घरी ठेवून यायची.

चर्च बंदच झालं पाहिजे असंही नाही हं. लंडनचं युनियन चॅपल बघा, १८७७ चं, जेम्स क्युबिटने बांधलेलं, ग्रेड वन म्हणजे सगळ्यात वरच्या दर्जाचं लिस्टेड, तिथे आजही रविवारी प्रार्थना होते आणि बाकी दिवस तिकीट काढून लोक गाणं ऐकायला येतात. नॉर्विचला सेंट स्विदिन्समध्ये आर्ट्स सेंटर आहे, तिथे १९८९ मध्ये निर्व्हाना हा अमेरिकन रॉक बँड वाजवून गेला. ब्रिस्टलच्या सेंट पॉल्समध्ये तर सर्कसची शाळा चालते, ज्या उंचीमुळे आपण हीटिंगच्या नावाने रडतो त्याच उंचीत तिथे पोरं झोपाळ्यावर उलटी लटकतात. म्हणजे इमारतीला काय जमतं ते बघून मग कार्यक्रम ठरवायचा. आम्ही पहिल्या वर्षी बरोब्बर उलटं केलं होतं.

विकत घेताना कागदात अटी असतात, त्या वकिलाकडून ओळ न् ओळ वाचून घ्या. चर्च विकताना पुढे तिथे काय करता येईल हे ते लिहून ठेवू शकतात, त्यात दारू विकायची नाही असं असू शकतं, दुसऱ्या धर्माची पूजा करायची नाही असंही असू शकतं. आता मंडळ घेणार आणि गणपतीच बसवता येणार नाही म्हटल्यावर काय उपयोग, तेव्हा हा प्रश्न पहिल्याच मीटिंगला, तोंड वाकडं न करता, सरळ विचारायचा.

दुसरा कागद मागायचा तो पाच वर्षांनी होणाऱ्या तपासणीचा. १९५५ च्या कायद्यापासून चर्च ऑफ इंग्लंडच्या चर्चची दर पाच वर्षांनी आर्किटेक्टकडून पाहणी करून घेतात, छत कुठे गळतंय, मनोरा कुठे झुकतोय, सगळं त्यात असतं. शेवटचे तीन रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवून वाचा, जी ओळ तिन्हीत आहे तिथेच तुमचे पैसे जाणार. आमच्याकडे ती ओळ होती "उत्तरेकडची पन्हळ तुंबलेली". पंधरा वर्षं तुंबलेली! आत भिंतीवर हिरवा पट्टा, त्याच्या खाली प्लास्टर फुगलेलं, आणि मधे कोणीतरी हुशारी करून बाहेरचे दगडाचे सांधे सिमेंटने भरले होते. जुनी भिंत चुन्यात बांधलेली असते, आत शिरलेलं पाणी चुन्यातून हळूहळू उडून जातं, सिमेंटने ती वाट बंद केली की मग पाणी दगडातूनच बाहेर यायला बघतं आणि थंडीत गोठलं की दगडाचे पापुद्रे निघतात. हाताने खरवडलं तरी बिस्किटासारखं पडत होतं. ते सगळं सिमेंट छिन्नीने काढून परत चुना भरायला जेवढा खर्च आला तेवढ्यात स्टेज आणि लाइट दोन्ही झाले असते. म्हणून म्हणतो, शिडी लावा, पन्हळी साफ करा, आणि पुढच्या मोठ्या पावसात छत्री घेऊन इमारतीभोवती एक चक्कर मारा, पाणी कुठून पडतंय ते डोळ्यांनी बघा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. एक वर्ष काहीही बांधू नका. आहे त्या जागेत, आहे त्या बाकांवर कार्यक्रम करा. त्यासाठी कौन्सिलला टेम्पररी इव्हेंट नोटीस द्यायची, २१ पाउंड फी, कामाचे किमान १० दिवस आधी, आणि तुमचे कार्यकर्ते धरून ४९९ माणसांपर्यंत चालतं. वर्षाला एका जागेला किती नोटिसा मिळतात त्याला मर्यादा आहे पण सुरुवातीला पुरतात. माइक न लावता गाणं सकाळी ८ ते रात्री ११ मध्ये असेल तर २०१२ च्या लाइव्ह म्युझिक ॲक्टमुळे त्या गाण्यासाठी वेगळं लायसन्स लागतच नाही, बार ठेवणार असाल तर मात्र नोटीस हवीच. गाण्यांच्या हक्काचं लायसन्स पीपीएल पीआरएस ह्या हक्कांचे पैसे गोळा करणाऱ्या कंपनीकडून काढायचं ते वेगळं, हिंदी सिनेमाची गाणी म्हणजे फुकट असं नाही.

ह्या एका वर्षात इमारत स्वतःच सगळं सांगते. आमच्या पहिल्याच कार्यक्रमात मध्यंतराला चहाचे दोन अर्न (पाणी उकळायचे विजेचे मोठे पिंप) एकदम लावले, स्टेजचे लाइट चालूच होते, आणि फट्कन सगळं चर्च अंधारात. सगळ्या इमारतीला एकच सिंगल फेज कनेक्शन, दिवे आणि ऑर्गनचा पंखा चालेल एवढंच. थ्री फेज घ्यायला महिने लागतात, रस्ता खोदावा लागतो, तेव्हा हा अर्ज लवकर टाकून ठेवा. दुसरं कळलं ते म्हणजे टॉयलेट एकच, तेही मागच्या खोलीतून जाऊन. १८० माणसं, १५ मिनिटांचं मध्यंतर, हिशोब तुम्हीच करा.

आवाजाचं मात्र जरा बैजवार सांगतो, कारण सगळे इथेच फसतात. चर्चमध्ये टाळी वाजवली की ती लगेच मरत नाही, फिरत राहते. किती सेकंद फिरते ते काढायचं साधं गणित आहे, सॅबिन नावाच्या शास्त्रज्ञाचं, जागेचं घनफळ घनमीटरमध्ये घ्यायचं, ०.१६ ने गुणायचं आणि आवाज शोषणाऱ्या पृष्ठभागाने भागायचं. समजा चर्च २५ मीटर लांब, १२ रुंद, सरासरी १० उंच, म्हणजे ३००० घनमीटर. गुणाकार ४८०. रिकाम्या चर्चमध्ये ४.५ सेकंद घुमतंय, म्हणजे दगड, काच, लाकूड मिळून शोषण फक्त १०७ चौरस मीटर. एक बसलेला माणूस साधारण ०.४५ चौरस मीटरएवढं शोषतो, २०० माणसं आली की ९० वाढले, घुमणं आलं २.४ वर. त्यात ८० चौरस मीटर जाड लोकरी पडदे, चुण्या घालून टांगले की २ च्या आसपास. आता ऑर्गनला नि कॉयरला २ ते ३ सेकंद म्हणजे स्वर्ग, चेंबर म्युझिकला दीड छान, पण ड्रम आणि बास गिटारला एकच्या जवळ लागतं, आणि बासचा आवाज पडदे शोषतच नाहीत, कितीही पैसे घाला.

आपल्याकडचं सांगायचं तर आलापी अशी काही लागते की कलाकारच डोळे मिटून थांबतो, आपलाच सूर मागून तंबोऱ्यासारखा येत असतो. बासरी, सारंगी, फारच सुंदर. पण द्रुत सुरू झालं की तबल्याचा बायाँ नुसता गढूळ, तानेतले सूर एकमेकांवर चढतात, आणि एका आषाढीला आम्ही वीस जणांनी टाळ घेतले तेव्हा मागच्या रांगेला अभंग कुठला ते शेवटपर्यंत कळलं नाही. (जुन्या गोव्यात डोंगरावरच्या चॅपलमध्ये मोंत महोत्सव भरतो, भारतीय आणि पाश्चात्य दोन्ही संगीत असतं, कधी गेलात तर नुसते गाणं ऐकू नका, जागा पण ऐका.) माइक लावायचाच तर दोन मोठे स्पीकर स्टेजवर ठेवून ओरडायला लावू नका, बारीक उभे कॉलम स्पीकर घ्या, तोंड प्रेक्षकांकडे, भिंतींकडे नाही, आणि आवाज कमी.

ह्या सगळ्यात एक नियम धरून चाला, जे लावाल ते उद्या काढता आलं पाहिजे. लाइटचा ट्रस, म्हणजे लाइट टांगायचा सांगाडा, स्वतःच्या पायावर उभा, स्टेज सुट्या तुकड्यांचं, स्क्रू मारायचाच तर दगडात नाही, सांध्यातल्या चुन्यात. कौन्सिलचा जुन्या इमारती बघणारा कॉन्झर्व्हेशन ऑफिसर ह्याच भाषेत बोलतो, तुम्हीपण बोललात की निम्मं भांडण मिटतं. व्हिक्टोरियन बाक काढायचे म्हटलं की व्हिक्टोरियन सोसायटी ह्या त्या काळातल्या इमारती जपणाऱ्या संस्थेचं पत्र येऊ शकतं, घाबरायचं नाही, चांगले बाक कडेला ठेवू आणि मधले सुटे करू अशी सुरुवात करायची. हीटिंगला छपराखालची हवा तापवण्यात अर्थ नाही, गरम हवा वर देवाकडे जाते आणि खाली प्रेक्षक कोट घालून बसतात. माणसं बसतात तिथे उष्णता द्या, फरशी काढणारच असाल तर खालून.

पण फरशी काढायच्या आधी तिथे कोण झोपलंय ते विचारा. लंडनच्या ओल्ड स्ट्रीटवरचं सेंट ल्यूक्स १७३३ चं, पाया खचला म्हणून १९५९ मध्ये बंद झालं, छप्पर काढून टाकलं, चाळीसेक वर्षं नुसत्या भिंती उभ्या होत्या, मग लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्राने २००३ मध्ये ते सुरू केलं, पण त्याआधी तळघरातले आणि आवारातले हजारावर मृतदेहांचे अवशेष रीतसर हलवावे लागले. आपल्या टॉयलेटचा पाइप कबरस्तानातून जाणार असेल तरी पुरातत्त्ववाला उभा राहतो, त्याचे दिवस बजेटमध्ये धरा. आणि वटवाघळं. इथे सगळ्या जातींना कायद्याचं संरक्षण आहे, छताला हात लावायच्या आधी सर्व्हे, तोही बहुतेक उन्हाळ्यातच होतो, म्हणजे ऑक्टोबरमध्ये आठवण झाली तर तुमचं वर्ष गेलं.

पैशाचं थोडक्यात. आधी चॅरिटी रजिस्टर करा, कोणाच्या वैयक्तिक नावावर काही घेऊ नका, मैत्री तुटते. अगदी सुरुवातीच्या, "हे जमेल का" ह्या अभ्यासासाठी आर्किटेक्चरल हेरिटेज फंड, मोठ्या कामाला नॅशनल लॉटरी हेरिटेज फंड, तिथे १०,००० पाउंडांपासून एक कोटीपर्यंत मागता येतात. तिथे सगळ्यात आधी विचारतात की मंगळवारी दुपारी इमारतीत कोण असणार. शनिवारच्या मैफलीवर छप्पर चालत नाही, बाळांचा ग्रुप, चित्रांचा क्लास, गावातला कॉयर, तालमीला भाड्याने, ह्यावर चालतं.

शेजाऱ्यांना पहिल्या कार्यक्रमाला फुकट बोलवा, फोन नंबर द्या. आणि जुन्या चर्चवाल्यांना विसरू नका. तिथे लग्नं झालेली, आईबापाला तिथूनच नेलेली माणसं आहेत, आपण पडदे टांगतो तेव्हा ती दारात उभी राहून बघत असतात, आत बोलवा, चहा द्या. आमच्याकडे पहिल्या हिवाळ्यात पाइप फुटला, पाणी बंद करायचा कॉक कमिटीतले आम्ही चौघं तासभर शोधत होतो, शेवटी समोरच्या ऐंशीच्या पुढच्या आजी स्लिपर घालून आल्या, ऑर्गनच्या मागची एक फळी काठीने ठोकली आणि म्हणाल्या, इथे, आणि उलटा फिरवा, तो १९६० पासून उलटाच आहे.