रोलेक्स की ओमेगा? आधी मनगट दाखवा

दिवाळीला भाचा घरी आला. फराळाची ताटली बाजूला सारून म्हणाला, "मामा, चाळिशी आली. आयुष्यभर वापरता येईल असं एक घड्याळ घ्यायचंय. रोलेक्स घेऊ की ओमेगा?" फोनवर दोन फोटो तयारच होते. एक रोलेक्सचं एक्सप्लोरर, दुसरं ओमेगाचं अ‍ॅक्वा टेरा. मी म्हटलं, "फोन खाली ठेव आणि मनगट दाखव."

पुण्यात पेठेतल्या आमच्या दुकानात मी पस्तीस वर्षं घड्याळं उघडतोय. त्याआधी त्याच टेबलाशी वडील बसायचे. या दोन्ही कंपन्यांची जुनी घड्याळं भिंगाखालून भरपूर गेली. नवी मी उघडत नाही, कारण त्यांचे सुटे भाग अधिकृत सर्व्हिस सेंटरकडेच असतात. पण नवं घड्याळ घेतलेली माणसं पट्ट्याची कडी काढायला, टायमिंग मशिनवर लावून बघायला माझ्याकडे येतात, आणि बरीच जण घेण्याआधी विचारायलाही येतात. त्यांना जे सांगतो तेच इथे लिहितोय.

पहिलं काम घरी, फूटपट्टी घेऊन करायचं. घड्याळ जिथे बसतं तिथे मनगटाची वरची सपाट बाजू आडवी मोजा. दुकानात ३६, ४१, ४२ मिलिमीटर असे जे आकडे सांगतात तो डब्याचा, म्हणजे मशीन बसवलेल्या धातूच्या गोल भागाचा, व्यास. घड्याळ हाताला शोभेल की हातावर ठेवल्यासारखं दिसेल, हे मात्र ठरतं पट्टा अडकवायच्या कानांवरून. वरच्या कानाच्या टोकापासून खालच्या कानाच्या टोकापर्यंतचं अंतर तुमच्या सपाट बाजूपेक्षा जास्त नको. भाच्याची सपाट बाजू भरली ४६ मिलिमीटर. त्याला आधी ओमेगाचं सीमास्टर डायव्हरही आवडलं होतं, पण ते ४२ मिलिमीटरचं घड्याळ कानांसकट पन्नाशीला जातं आणि जाडीला साडेतेराच्या आसपास आहे. शर्टाच्या बाहीत अडकलं असतं. ते तिथेच बाद झालं आणि उरली दोन: ३६ मिलिमीटरचं एक्सप्लोरर आणि ३८ मिलिमीटरचं अ‍ॅक्वा टेरा.

मग मी विचारलं, शनिवार-रविवार घड्याळ घालतोस का? तो म्हणाला, नाही, शुक्रवारी रात्री काढून ठेवणार. ही गोष्ट बारीक वाटते, पण दोन्ही ऑटोमॅटिक घड्याळं आहेत, हात हलत राहिला की कमान आपोआप भरते. एक्सप्लोररच्या मशीनचा साठा सुमारे ७० तासांचा. शुक्रवारी रात्री आठला काढलं तर सोमवारी ऑफिसला निघताना चालू सापडेल. ३८ मिलिमीटरच्या अ‍ॅक्वा टेराचा साठा ५५ तासांचा, म्हणजे ते सोमवारी पहाटे तीनच्या सुमारास थांबणार. मग चावी द्या, वेळ लावा, तारीख बघा. काहींना दर सोमवारी हा वैताग वाटतो. मला ती घड्याळाशी भेट वाटते. वडील रोज सकाळी आकाशवाणीच्या बातम्या लागल्या की स्वतःच्या घड्याळाला चावी द्यायचे. तुमचा स्वभाव असा असेल तर ओमेगाचं स्पीडमास्टर जरूर हातात घेऊन बघा. १९६९ मध्ये चंद्रावर गेलेल्या घड्याळाचा हा वंशज आजही हातानेच चावी द्यायचा आहे. फक्त त्याची पाण्याची मर्यादा ५० मीटर आहे. पावसाचे शिंतोडे चालतील, पण पोहायला ते घालू नका.

आता अचूकपणा. रोलेक्सचं म्हणणं, आमचं घड्याळ दिवसाला दोन सेकंद पुढे किंवा दोन सेकंद मागे, त्यापलीकडे जाणार नाही. ओमेगाची मास्टर क्रोनोमीटर घड्याळं शून्य ते पाच सेकंद पुढे, मागे पडायचं नाहीच. ही चाचणी मेटास या स्वित्झर्लंडच्या सरकारी मोजमाप संस्थेच्या देखरेखीखाली होते. महिन्याचा हिशेब केला तर रोलेक्स फार तर एक मिनिट सरकेल, ओमेगा फार तर अडीच मिनिटं. दोन्ही उत्तम आहेत. या एका मुद्द्यावर निवड करू नका.

लोहचुंबकाचा मुद्दा मात्र खरा फरक करतो, आणि शोरूममध्ये त्याबद्दल क्वचितच कुणी बोलतं. गेल्या वर्षी एक शिक्षिका आल्या. त्यांचं ऑटोमॅटिक घड्याळ दिवसाला वीस मिनिटं पुढे पळत होतं. मी शेजारी होकायंत्र ठेवलं, तर त्याची सुई गर्रकन फिरली. त्यांच्या फोनच्या कव्हरला चुंबकाचं बटण होतं आणि रात्री उशाशी घड्याळ त्याच कव्हरवर ठेवलेलं असायचं. आत काय होतं, तर केसकमानीची, म्हणजे घड्याळाचा वेग ठरवणाऱ्या केसासारख्या बारीक कमानीची, वेटोळी चुंबकाने एकमेकींना चिकटतात, कमान आखूड झाल्यासारखी वागते आणि घड्याळ पळत सुटतं. चुंबकत्व घालवणाऱ्या डीमॅग्नेटायझरवर ठेवलं आणि मिनिटभरात बरं झालं.

या बाबतीत आजचं ओमेगा फार पुढे आहे. त्याची केसकमान सिलिकॉनची असते आणि मशीनचे इतर नाजूक भागही चुंबकाला दाद देत नाहीत. १५,००० गॉसपर्यंत ते टिकतं; गॉस हे चुंबकाची ताकद मोजायचं एकक. ही करामत ओमेगाने २०१३ मध्ये पहिल्यांदा अ‍ॅक्वा टेरामध्येच आणली. एक्सप्लोररची निळी केसकमान नायोबियम आणि झिर्कोनियमच्या मिश्रधातूची आहे. तिच्यावरही चुंबकाचा परिणाम होत नाही, पण अख्ख्या घड्याळाबद्दल १५,००० गॉसची हमी रोलेक्स देत नाही. स्पीकर, मोटर, वेल्डिंग यांच्या आसपास दिवस जात असेल तर ओमेगा घ्या, मी बेधडक सांगतो. १५,००० गॉस म्हणजे दीड टेस्ला, पुष्कळ एमआरआय मशिनांइतकी ताकद. पण म्हणून त्या खोलीत घड्याळ घालून जायचं नाही. तिथे प्रश्न धातू ओढला जाण्याचा असतो.

मशीनबद्दल आणखी एक. नेहमीच्या स्विस घड्याळात एस्केपमेंटचे, म्हणजे कमानीची ताकद थोडीथोडी सोडणाऱ्या चाकाचे, दात माणकाच्या खड्यावरून घासत जातात, म्हणून तिथे तेल लागतं आणि तेल सुकलं की घड्याळ आजारी पडतं. जॉर्ज डॅनियल्स या इंग्रज घड्याळजीने हे घासणं कमी करणारी को-अ‍ॅक्सियल रचना शोधली आणि १९९९ मध्ये ओमेगाने ती बाजारात आणली. रोलेक्सने जुनीच रचना घासूनपुसून जास्त कार्यक्षम केली. दोन्ही कंपन्या पाच वर्षांची हमी देतात. सर्व्हिसिंगसाठी रोलेक्स साधारण दहा वर्षं सांगतं, ओमेगा पाच ते आठ. घड्याळ घेताना सर्व्हिसचा खर्च विचारून वहीत लिहून ठेवा, कारण तो पुढे दर काही वर्षांनी येणारच.

भाच्याला कामासाठी परदेशी जावं लागतं, म्हणून दोन देशांची वेळ दाखवणारं रोलेक्सचं जीएमटी-मास्टर घ्यावं का, असं त्याने विचारलं. आपल्याकडच्या माणसाने इथे थांबून विचार करावा. आपली वेळ ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे आहे आणि या घड्याळांचा जादा काटा पूर्ण तासांतच बसतो. मिनिट काटा सगळ्यांना एकच. त्यामुळे घड्याळ आपल्या वेळेला लावून जादा काट्यावर लंडन बघायचं म्हटलं तर अर्ध्या तासाचा हिशेब दरवेळी डोक्यात करावा लागतो. दुबई, सिंगापूर, झुरिक, सगळीकडे हीच अडचण. लंडन-न्यूयॉर्क करणाऱ्याला जी सोय मिळते ती आपल्याला अर्धीच मिळते. तासकाटा वेगळा पुढेमागे करता येणारी ४१ मिलिमीटरची अ‍ॅक्वा टेरा आहेत, त्यांचंही तेच. दिसायला आवडलं तर खुशाल घ्या, सोय म्हणून जादा पैसे मोजू नका.

दुकानात गेल्यावर घड्याळ बांधून निदान वीस मिनिटं बसा. हात खाली सोडा, टेबलावर ठेवा, मनगट वाकवा, चावी, म्हणजे बाजूची फिरवायची गुंडी, हाताच्या पाठीला टोचते का बघा. पुण्यातल्या मे महिन्यात मनगट फुगतं, मुंबईत तर बारा महिने घाम, म्हणून पट्ट्याच्या खटक्यात थोडी ढील देण्याची सोय आहे का ते स्वतः करून बघा. एक्सप्लोररच्या पट्ट्याला अवजाराशिवाय पाच मिलिमीटरची ढील देता येते. रोलेक्सच्याच सबमरिनरचा खटका तर दोन-दोन मिलिमीटरने सरकतो, आणि पट्ट्याच्या बाबतीत रोलेक्सचा हात धरणारं मला कुणी दिसत नाही. चावी उघडून पुन्हा फिरकीने घट्ट बसवून बघा. आटे कुरकुरता कामा नयेत. दमट होऊन माझ्याकडे येणाऱ्या घड्याळांत निम्मी तरी अशी असतात की चावी बसवायचीच राहून गेलेली असते.

तिथेच घड्याळ उलटं करून पाहा. अ‍ॅक्वा टेराच्या मागे काच आहे, चालतं मशीन दिसतं. एक्सप्लोरर मागून बंद. माझ्यासारख्याला हे फार मोठं आहे. वडिलांनी मला पहिल्यांदा उघडून दाखवलेलं घड्याळ ओमेगाच होतं, ३० मिलिमीटरचं चावीचं मशीन, गुलाबी तांब्याच्या रंगाचं. झाकण निघालं आणि दुकानात दिवा लागल्यासारखं वाटलं. तो रंग बघूनच मी या धंद्यात राहिलो. म्हणून माझं मन ओमेगाकडे झुकतं, हे वाचणाऱ्याने लक्षात ठेवावं.

रोलेक्सच्या बाजूचं सगळ्यात मोठं माप म्हणजे नाव आणि पुढे विकताना मिळणारी किंमत. लोकांना ते नाव माहीत असतं, आणि तुम्हाला तेच हवं असेल तर त्यात लाजण्यासारखं काही नाही. स्टीलची लोकप्रिय मॉडेल्स मात्र मागितल्याबरोबर मिळत नाहीत, नाव नोंदवून थांबावं लागतं. स्पष्ट विचारा, किती महिने? आणि नंबर लवकर लागावा म्हणून नको असलेलं दुसरं काही विकत घेऊ नका. छापील किमतीच्या वर पैसे देऊन बाहेरून घेण्यालाही माझा विरोध आहे. ओमेगा बहुतेक वेळा समोरच्या काचेतच असतं आणि घेतल्यावर त्याची किंमत रोलेक्सपेक्षा जास्त उतरते. पण यातच तुमचा फायदाही आहे, कारण बिल, हमीचं कार्ड, बॉक्स असलेलं दोन वर्षं वापरलेलं ओमेगा चांगल्या भावात मिळू शकतं.

वापरलेलं घेताना सेकंद काटा बघा. एक्सप्लोररचा काटा सेकंदाला आठ बारीक पावलं टाकतो, अ‍ॅक्वा टेराचा सात, स्पीडमास्टरचा सहा. फोनवर स्लो मोशनमध्ये टिपून मोजता येतात. सेकंदाला एकच उडी दिसली तर आत सेल आहे, म्हणजे ही तिन्हीपैकी काहीच नाही. पण फर्स्ट कॉपीसुद्धा आठ पावलं टाकते, तेव्हा मागचं झाकण जाणत्याकडून उघडून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.

जुनं, पन्नास-साठच्या दशकातलं ओमेगा घ्यायचं असेल तर एका गोष्टीला जपा, आणि हे सांगताना मला वाईट वाटतं कारण ती आपल्याच मुलखाची आहे. मुंबईत जुन्या घड्याळांच्या डायल नव्याने रंगवून द्यायचं काम वर्षानुवर्षं चालत आलंय. धंद्यात त्याला रीडायल म्हणतात. जगभरच्या संग्राहकांत या घड्याळांना मुंबईचंच नाव चिकटलंय. चकचकीत निळी, केशरी, दोन रंगांची डायल, जाड फुगीर अक्षरं, वाकडी पडलेली मिनिटांची रेघ, सहाच्या खाली 'स्विस मेड' गायब किंवा तिरकं, यातलं काहीही दिसलं तर उठून या. एक गृहस्थ आजोबांचं ओमेगा विकायचं म्हणून आणायच्या आधी चमकवून घेऊन आले होते. पिवळसर झालेली, बारीक भेगांची मूळ डायल खरवडली गेली होती. ती तशीच असती तर पारख असलेल्याने आनंदाने जास्त दिले असते. घरात असं घड्याळ असेल तर मशीनला तेलपाणी करा, डायलला हात लावू देऊ नका.

पैशाचं थोडक्यात. दोन लाखांवरच्या खरेदीला पॅन द्यावा लागतो आणि दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख कुणी घेऊ शकत नाही. दहा लाखांवरच्या घड्याळावर २२ एप्रिल २०२५ पासून एक टक्का टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने गोळा करायचा कर, वर घेतात, तो प्राप्तिकराचं विवरणपत्र भरताना हिशेबात धरता येतो. भारताचा स्वित्झर्लंडसह चार देशांशी झालेला व्यापार करार १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झालाय आणि स्विस घड्याळांवरचं आयात शुल्क टप्प्याटप्प्याने उतरणार आहे. परदेशातून आणलंत तर विमानतळावर जाहीर करा आणि ती पावती जपा.

भाच्याने दोन दुकानं पालथी घातली. एक्सप्लोरर त्याच्या हातावर अतिशय देखणं दिसत होतं, खोटं कशाला सांगू. पण त्याला तारीख हवी होती, ती एक्सप्लोररमध्ये नसते, आणि दिवसभर लॅपटॉप, हेडफोन, चुंबकाचा चार्जर यांच्यातच त्याचं काम. त्याने ३८ मिलिमीटरचं अ‍ॅक्वा टेरा घेतलं. मी कार्डावरचा नंबर डब्यावरच्या नंबराशी पडताळला, दोन्हींचे फोटो काढून घेतले आणि त्याला आठवडाभर रोज सकाळी फोनच्या वेळेशी फरक लिहायला सांगितलं. रोज चार सेकंद पुढे. मग म्हटलं, रात्री काढताना कधी डायल वर, कधी चावी वर करून ठेव. प्रत्येक मशीन वेगळं वागतं. त्याचं चावी वर ठेवलेल्या रात्रींनंतर दोन सेकंदांवर आलंय, आणि आता तो तसंच ठेवतो.